दुपट्ट्याखालचं कपाळ

माझ्या धाकट्या भावाच्या कपाळावर एक रेघ होती. रेघेच्या वर गोरा, रेघेच्या खाली काळा. जन्मखूण वगैरे काही नाही, सगळी दुपट्ट्याची करामत. सकाळी वावरात निघताना तो डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, दिवस मावळेपर्यंत काढायचा नाही, आणि उरलेल्या तोंडाचं काय करायचं ते ऊन करायचं. घरी येऊन दुपट्टा सोडला की दोन माणसांचे तुकडे जोडल्यासारखा दिसायचा. आमच्या नांदगाव खंडेश्वरकडे असे चेहरे घरोघरी. बाबांचा तसाच होता, काकांचा तसाच होता. देवळात दुपट्टे काढून वाकलेली माणसं पाहिली तर सगळी कपाळं सारखी पांढरी. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नसे.

ते आमच्या मामाला वाटलं.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. जन्मभर अमरावतीला एका ऑफिसात पंख्याखाली बसून रिटायर झालेला. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नातवंडं खेळवतात. या गृहस्थाने गोतावळ्यातल्या सोयरिकी जमवायचा ठेका घेतला. कुणाची पोरगी उपवर झाली, कुणाचा पोरगा राहून गेला, सगळं याला तोंडपाठ. मला अमरावतीलाच दिलेली, इथल्याच एका शाळेत मी शिकवते, त्यामुळे मामा अधूनमधून माझ्याकडे चहाला यायचा आणि जगाला अक्कल वाटून जायचा. मी सहसा ऐकून घ्यायचे. चहा संपला की जायचाच.

ती वर्षं आमच्या भागाला वाईट गेली. पेपरात आमच्या गावांची नावं यायची आणि ती कशासाठी यायची हे सांगायची गरज नाही. मंत्री यायचे, मागून कॅमेरेवाले यायचे, पॅकेज जाहीर व्हायचं, धुरळा उडायचा आणि पुन्हा खाली बसायचा. या सगळ्यातून लोकांनी एकच धडा घेतला, की शेतकऱ्याला पोरगी द्यायची नाही. शहरातल्या माणसाने हे म्हटलं असतं तर मला राग आला नसता, त्याला काय कळतं. पण हे म्हणायचा तो स्वतः वावर वाहणारा बाप, ज्याच्या टाचेच्या भेगांतली काळी माती सणालासुद्धा निघत नाही. 'पोट्टा कसाही असो, सावलीत पाहिजे,' असं तो म्हणायचा. सावलीत म्हणजे नोकरीत. मग ती नोकरी कुठल्या गोदामावर पहारा द्यायची असली तरी चालेल.

माझा भाऊ उन्हातला होता. बाबा आजारपणात गेले तेव्हापासून वावर त्याच्याच हातात, आणि ते त्याला आवडायचं. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या काळात असं कुणी आवडून शेती करतो म्हटलं की ऐकणारा आधी कीव करायचा. त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाहायला शेजारचे यायचे. स्वभावाने मात्र असा लाजरा, की दुकानात जाऊन दोन वस्तू मागायला सांगितल्या तर एकच मागून परत यायचा.

तर अकोटला नात्यातलं एक लग्न होतं. पंगतीत हा बसलेला, दुपट्टा काढून मांडीवर ठेवलेला, कपाळ चमकतंय. वाढणाऱ्या मुलींतली एक वांग्याच्या भाजीची बादली घेऊन त्याच्यापुढे थांबली आणि म्हणाली, "वावरातला माणूस असा चिमणीवानी जेवते काय? घ्या." आणि पळीभर भाजी वाढून पुढे गेली. बस, एवढंच. पण परत येताना एस्टी स्टँडवर त्याने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "ताई, मी वावरातला हाय हे तिले कसं कळलं असंन?"

"तोंड पाह्यलं असंन तुझं, बयाडा," मी म्हटलं.

तो हसला. मग दुपट्ट्याच्या टोकाशी खेळत म्हणाला, "मले ती पाहिजे." इतकं सरळ वाक्य मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. मला फार आनंद झाला. घरी आल्यावर मी आईला सांगितलं, आणि आईने, बिचारीला दुसरं कोण आहे, मामाला सांगितलं.

मामाने पंधरवड्याच्या आत माहिती काढली. मुलीचं घर अकोटजवळच्या एका खेड्यात, बाप शेतकरी, मुलगी एकुलती, आणि बापाची अट तीच. पोट्टा सावलीत पाहिजे. मग मामाने निरोप धाडला की मुलगा अकोल्याला कंपनीत सुपरवायझर आहे, घरी वावर आहे पण ते बटईनं दुसऱ्याला कसायला दिलंय, मुलगा तिकडे फिरकतसुद्धा नाही. आई घाबरली. म्हणाली, "इतकं खोटं कावून बोलला रे दादा?"

"खोटं कुठं? लग्नापुरतं हाय," मामा म्हणाला.

मी भावाला गाठलं. तुला हे चालतं का, विचारलं. तो म्हणाला, "मामा म्हणते का तिचा बाप वावरवाल्याले दारात उभा करत नाई. एकदा घरात तं जाऊ दे. मंग मी तिच्या बापाले सगळं सांगतो." आता याला काय म्हणावं? ज्या मुलीने याला बघताक्षणी वावरातला म्हणून ओळखलं, तिच्या घरी हा सुपरवायझर होऊन जाणार. पण त्याला ती हवी होती, आणि दार एवढं एकच दिसत होतं.

निरोप लागू पडला, पाहणी ठरली. पण बापाचं समाधान जिभेने झालं तरी चेहऱ्याचं काय, हा मामाचा पुढचा प्रश्न. एसीत बसणाऱ्या सुपरवायझरचं कपाळ पांढरं आणि गाल डांबरासारखे कसे? मामा माझ्या घरी चहा घेता घेता म्हणाला, "ती रेघ पुसा लागते." आणि खिशातून एक गुळगुळीत, रंगीत कागद काढला. चौकात वाटत होते म्हणे. त्यावर एका परदेशी बाईचं तोंड, अर्धं काळपट, अर्धं दुधासारखं, आणि खाली लगीनसराईसाठी खास पॅकेज. त्या वर्षांत आमच्याकडे पॅकेज हा शब्द दोनच ठिकाणी ऐकू यायचा, एक सरकारचा आणि एक यांचा. दोन्हीकडे आधीचा आणि नंतरचा फोटो असायचा.

पाटीवर 'मेडिकल स्पा' लिहिलेलं होतं. मेडिकल म्हणावं तर डॉक्टर दिसेना, आणि स्पा म्हणजे काय हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. नव्या कॉम्प्लेक्सचा दुसरा मजला, खाली खतं-बियाण्यांचं दुकान. भाऊ त्याच दुकानात दरवर्षी यायचा, त्यामुळे जिना चढताना दुकानवाल्याने हाक मारली, "का भाऊ, वरती कुठं?" भावाने मान खाली घातली आणि चढत राहिला. मी सोबत गेले होते, कारण मामाच्या भरवशावर मी त्याला दवाखान्यातच काय, न्हाव्याकडेही पाठवलं नसतं.

आत एसी, कोपऱ्यात विजेवर चालणारा धबधबा आणि अत्तराचा वास. काउंटरवरची मुलगी पुण्याच्या बोलीत म्हणाली, "सर, आपल्याला टॅन रिमूव्हल हवंय की ब्रायटनिंग?" सर म्हणजे कोण ते पाहायला माझ्या भावाने मागे वळून बघितलं. तो सोफ्याच्या अगदी काठावर बसला होता, टेकलं तर मळेल म्हणून. मामाने पुढे होऊन सांगितलं, "हे खालचं काळं वरच्यावानी करा. अन् एकाच बैठकीत होत असंन तं पाहा, पाहणी जवळ आली." मुलगी म्हणाली, सेशन तर बरीच लागतात, पण ग्लो पहिल्यापासून दिसेल. ग्लो हा शब्द तिने इतक्यांदा उच्चारला, की मला ती मुलगी नसून कुणीतरी चावी दिलेलं खेळणं वाटायला लागली.

तुम्ही काय काम करता, उन्हात किती असता, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मामाने कंपनी सांगितली असती म्हणा.

आतल्या खोलीत मीही घुसले. बाहेर थांबा म्हणाले, मी म्हटलं नाही थांबत. माझा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा, त्यामुळे वाद वाढला नाही. भावाला पलंगावर निजवलं, डोळ्यांवर काळा चष्मा बांधला, तोंडाला थंडगार जेल फासली. मशीन चालवणारी मॅडम त्याच्या डोक्याशी उभी. हातात नळीला जोडलेली एक जाडजूड मूठ, तिला पुढे काचेची लांबट खिडकी. "आधी टेस्ट करू हं," म्हणून तिने ती खिडकी समोरच दिसणाऱ्या कपाळावर टेकवली. फट्ट करून उजेड झाला. थोडं थांबून तिने कपाळ न्याहाळलं आणि खुशीत म्हणाली, "अरे वा, स्किन तर छान फेअर आहे. चांगली पॉवर घेईल."

आणि त्याच पॉवरने ती गालांवर उतरली. फट्ट, फट्ट, फट्ट. कानापासून नाकाकडे, एकाशेजारी एक. खोलीत दाढीचे केस जळाल्याचा वास सुटला. भावाने पलंगाची कड धरली. "चटका बसते," तो म्हणाला. "थोडं टिंगलिंग होतंच, सर," मॅडम म्हणाली. मी विचारलं, "अहो, भाजत तर नाही ना त्याला?" ती माझ्याकडे बघून समजुतीने हसली आणि म्हणाली, "मॅडम, ही लाईट आहे, आग नाही."

दुसऱ्या दिवशी गाल सुजले आणि तिसऱ्या दिवशी डाग उमटले. गालावर लांबट, काटकोनी, काळे-तांबडे डाग, मिरचीच्या वाफ्यांसारखे ओळीने. प्रत्येक वाफा त्या काचेच्या मापाचा, आणि मधल्या फटी तेवढ्या जुन्या रंगाच्या राहिलेल्या. कपाळाला मात्र काही झालं नव्हतं, ते पहिल्यासारखंच गोरंपान. आईने त्याची हनुवटी धरून दोन्ही गाल पाहिले. म्हणाली, "बैलाले डागल्यावानी डागलं माह्या पोट्ट्याले."

मी त्याला घेऊन पुन्हा तो जिना चढले. तेव्हा कुठून तरी एक डॉक्टर प्रकट झाले, ज्यांचं पहिल्या वेळी दर्शन घडलं नव्हतं. त्यांनी दुरूनच गाल पाहिले. "उन्हात जातात का हे?"

"शेतकरी आहे तो," मी म्हटलं.

"मग हे आधी सांगायला हवं होतं."

"त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेच पुसायला आलो होतो ना आम्ही."

डॉक्टरांनी काउंटरवरच्या मुलीला खूण केली. मुलीने दुसरा गुळगुळीत कागद पुढे सरकवला. काळे डाग घालवायचं पॅकेज. त्याच मशीनवर. मी तो कागद तिथेच फाडला आणि धबधब्यात टाकला. मला त्याचा अजून पश्चात्ताप नाही. धबधबा तेवढा बंद पडला.

मग सरकारी दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरांना दाखवलं. लांबलचक रांग होती, पण माणूस धड निघाला. त्यांनी भावाचं तोंड खिडकीकडे वळवलं, कपाळावरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "त्या लोकांनी मशीन आधी कुठं लावून पाहिलं?" कपाळावर म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हा उजेड कातडीतला काळा रंग शोधतो आणि तिथे तापतो. रापलेल्या तोंडावर तो मारायचाच नसतो. आणि अंदाज घेतला तो दुपट्ट्याखालच्या कपाळावर, जिथे ऊन कधी पोचलंच नाही. सुती कापडावर इस्त्रीचा अंदाज घ्यायचा आणि तीच इस्त्री नायलॉनच्या साडीवर दाबायची, यातलाच प्रकार. आमच्या मुलुखातल्या कुणाही पुरुषाचं डोकं उघडं केलं तर ती रेघ दिसते, आणि आमच्याच मुलुखात दुकान थाटून बसलेल्या या लोकांना ती दिसली नाही. डाग जातील, डॉक्टर म्हणाले, पण काही महिने लागतील. हे मलम लावा आणि ऊन टाळा. ऐन वैशाखात, नांदगावच्या शेतकऱ्याला.

टाळतो कसा. तो अमरावतीच्या स्कूटीवरच्या मुलींसारखा डोळे सोडून सगळं तोंड बांधून वावरात जायला लागला. शेजारचे बांधावरून ओरडायचे, "का बे, कॉलेजले चालला काय?" तो गाठ घट्ट करून पुढे चालायचा. रात्री आरशात मात्र बघायचा, असं आईने मला सांगितलं. आयुष्यात आरशाकडे न पाहिलेला माझा भाऊ.

मी मामाला म्हटलं, पाहणी पुढे ढकला. मामा म्हणाला, ढकलली की दुसरे टपूनच आहेत. पावडर लावू. आणि खरोखरच निघायच्या सकाळी मामाने स्वतःच्या हाताने भाच्याच्या तोंडाला पावडर थापली. तमाशातल्या सोंगाड्यालाही इतकी लावत नसतील. शर्टाच्या कॉलरवर सांडली ती आईने पदराने झटकली. आणि आम्ही चौघं अकोटच्या एस्टीत बसलो.

मुलीचं घर साधं, सारवलेलं, स्वच्छ. बाप डोक्याला दुपट्टा बांधूनच बसलेला. पंखा फुल वेगात होता. मुलगी पोहे घेऊन आली, वर सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि शेव पेरलेली, आणि माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते तिचं तोंड. तिनेही पावडर थापली होती. मला वाटलं, असेल, पाहणीच्या दिवशी मुली लावतात.

मामाने आपली परीक्षा सुरू केली. बाप म्हणाला, "कॉम्पुटर करून राह्यली. वावरात कधी पाय ठेवला नाई तिनं." मामा म्हणाला, "आमचाही एसीतच राह्यते." बाप म्हणाला, "हिले ऊन सोसतच नाई." मामा म्हणाला, "यालेही नाई." दोघांनाही परमानंद. मुलगी आणि माझा भाऊ समोरासमोर बसून पोह्यांकडे बघत होते.

आणि लाईन गेली. त्या वर्षांतल्या लोडशेडिंगबद्दल काय सांगायचं, आल्याचंच नवल असायचं. पंखा फिरत फिरत थांबला. छताच्या टिनाची धग खाली उतरली आणि सगळ्यांना एकदम घाम फुटला. उजेडासाठी बापाने मागचं दार उघडलं, तशी दुपार थेट त्या दोघांवर येऊन पडली. भावाने सवयीने रुमाल फिरवला. मुलीने सवयीने ओढणीचं टोक गालावरून फिरवलं. दोघांच्याही पावडरीचा चिखल झाला होता, तो पुसला गेला.

मी तिच्या शेजारी होते. तिच्या गालावर, कानापासून नाकाकडे, तेच वाफे. तेच लांबट, तेच काटकोनी, तेच माप. मला आधी हसू आलं, आणि मग इतका संताप आला की हातातली बशी खाली ठेवावी लागली.

ते दोघं एकमेकांच्या गालाकडे पाहत होते. तिने आधी तोंड उघडलं, अगदी हळू.

"तुमालेबी काळा चष्मा बांधला होता?"

"हाव," तो म्हणाला.

"तरी उजेड दिसे."

"हाव. लाल."

ती हसली, आणि तोही हसला. त्याला कुणा परक्या माणसासमोर असं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मी तवाच ओळखलं होतं तुमाले," ती म्हणाली, "पंगतीत जेवत नव्हते ते." त्या दोघांना त्या घडीला कुणाची गरज नव्हती. उठून अंगणात गेले असते आणि दहा मिनिटं बोलले असते, तर सगळं जमलं असतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

पण मोठी माणसं बसली होती ना. बापाने भावाकडे निरखून पाहिलं. "पोराच्या गालाले काय झालं?"

"ॲलर्जी," मामा म्हणाला. "कंपनीतल्या एसीची." मग त्याचंही लक्ष मुलीच्या गालांकडे गेलं. "अन् पोरीले?"

"ॲलर्जीच," मुलीची आई म्हणाली. "आंब्याची."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "एसीची नाही आणि आंब्याची नाही. दोघंही एकाच दुकानातून भाजून आलेत. अमरावतीला, दुसऱ्या मजल्यावर. मी उभी होते तिथे."

बाप म्हणाला, "कोणतं दुकान? आमची पोरगी कुठं गेली नाई." मामा म्हणाला, "हिच्याकडं लक्ष देऊ नका, मास्तरीण हाय, काहीबी बोलते." आणि दिवसभरात पहिल्यांदाच दोघांचं मनापासून एकमत झालं. कसं कबूल करणार? दुकान कबूल केलं तर ऊन कबूल करावं लागतं, आणि ऊन कबूल केलं तर वावर. त्यापेक्षा पोरांच्या अंगावर रोग परवडला. बाप बायकोच्या कानाशी पुटपुटला, पण आम्हाला ऐकू येईल असंच, "कोडबिड असंन पोट्ट्याच्या अंगावर." आणि मामा त्याहून मोठ्याने आईला म्हणाला, "ऊठ, चट्ट्याची पोरगी हाय."

मुलीची मान खाली गेली. हा शब्द एकदा पंचक्रोशीत फिरला की काय होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

माझा भाऊ उठला नाही. तो म्हणाला, "मामा, बसा." मामा बसला, इतका तो चकित झाला. भावाने रुमालाने उरलीसुरली पावडर घासून काढली आणि मुलीच्या बापाकडे पाहिलं. "तिच्या अंगावर काही नाई. ते त्या लाईटचं हाय. मलेबी तेच झालं, म्हणून सांगतो. डॉक्टर म्हणे काही महिन्यांत जाते. मी कंपनीत नाई, काका. मी वावर करतो. ऊन लागलेल्या तोंडावर ते मारलं का असंच होते."

मुलगी म्हणाली, "बाबा, मीबी वावरात निंदाले जातो तं म्हणूनच..."

"चूप बस," तिची आई म्हणाली.

बाप रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने भावाला नुसतं विचारलं, "म्हणजे वावरातलाच?"

"हाव."

"मंग आमची पोरगी नाई."

आणि घाम पुसायला त्याने डोक्यावरचा दुपट्टा काढला. कपाळ पांढरंफेक, खाली तोंड काळं, मधे ती रेघ. मी त्या कपाळाकडे बघत राहिले. असं वाटलं की भिंतीवरचा आरसा काढून त्याच्या हातात द्यावा. दिला नाही, कारण त्याचा उपयोग झाला नसता. तो त्या कपाळासकट रोज जगत होता आणि तरीही हे बोलला होता.

अकोटच्या स्टँडवर मामा सगळा वेळ कुरकुरत होता. केलंसवरलं पोट्ट्याने पाण्यात घातलं, याला व्यवहार कळत नाही, बसला असता गप्प तर दुसरीकडे तरी वाट मोकळी राहिली असती. आई पदर तोंडाला लावून बसली होती. भाऊ आमच्यासाठी पाण्याच्या दोन बाटल्या आणायला गेला आणि एकच घेऊन आला. मी मामाला म्हटलं, आजपासून माझ्या घरी चहा बंद. तो मी खरोखरच बंद केला.

त्या दुकानाची पाटी मात्र वाढली. दसऱ्यापर्यंत शेजारचा गाळाही घेतला आणि परदेशी बाईच्या जागी नवरा-नवरीचा फोटो लागला. शाळेतून येताना रोज दिसायचा. दोघांच्याही कपाळाला रेघ नव्हती.

भाऊबीजेला मी गावी गेले. त्या मुलीचं साक्षगंध होऊन लग्न ठरल्याची बातमी त्याआधीच घरी पोचली होती, मुलगा कुठेतरी कंपनीत, सावलीतला. आईने ती भावाला सांगितली होती, आणि तो बरं म्हणून कापूस वेचायच्या मजुरांकडे निघून गेला होता. आता पाटावर बसला तेव्हा मी त्याचे गाल नीट पाहिले. वाफे पार गेले होते. ऊन पुन्हा सगळीकडे सारखं पसरलं होतं आणि वर दुपट्ट्याची रेघ होती तशी परत आली होती. मी कुंकवाचं बोट उचललं.

"ताई," तो म्हणाला, "तिचे गेले असतीन का वं डाग?"

"गेले असतील," मी म्हटलं. "तुझे गेले तसे."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि कपाळ पुढे केलं.